वाटेवरचे पाणी : उकळावे, गाळावे की औषध घालावे?

लांबच्या पायी प्रवासात शिधा पाठीवर नेता येतो, पाणी नेता येत नाही. हिशोब अगदी सोपा आहे. ओझे घेऊन चढ-उतार चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी मिळून दिवसाला निदान चार लिटर पाणी लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे सहा दिवसांच्या वाटचालीसाठी चोवीस किलो पाणी झाले, आणि त्यात शिधा, अंथरूण, कपडे अजून आलेलेच नाहीत. त्यामुळे वाटसरूला वाटेत जे पाणी भेटेल ते प्यावे लागते. कुठे ओढा, कुठे विहीर, कुठे गडावरचे टाके. त्या पाण्यात काय आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत नाही.

राजांची गोष्ट वेगळी होती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणचा सम्राट सायरस याच्याबद्दल लिहून ठेवले आहे की, तो स्वारीवर निघाला की खोआस्पिस नदीचे उकळलेले पाणी चांदीच्या भांड्यांत भरून खेचरांच्या गाड्यांवरून त्याच्या मागोमाग नेले जाई. सायरस इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला. पाणी उकळून घ्यावे हे त्याच्या पदरच्या माणसांना जंतूंचा शोध लागण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी अनुभवाने कळले होते. पण त्याच्यामागून चालणाऱ्या हजारो शिपायांसाठी गाड्या नव्हत्या. ते वाटेवरचेच पाणी पीत.

आज गिर्यारोहणाचे सामान विकणाऱ्या दुकानात गेले तर गाळण्या, गोळ्या, अतिनील किरणांचे दिवे अशी बरीच साधने मांडलेली दिसतात. मुलांना गडावर किंवा हिमालयात नेणारे शिक्षक विचारतात, ‘यांतले सर्वांत चांगले कोणते?’ या प्रश्नाला एका वाक्याचे उत्तर नाही, आणि ते का नाही हे या साधनांच्या इतिहासावरून कळते. प्रत्येक उपाय त्या त्या काळाला ठाऊक असलेल्या शत्रूविरुद्ध घडवला गेला. नवा शत्रू ओळखू आला, की जुना उपाय अपुरा ठरला. हा क्रम समजला तर निवड करणे अवघड राहत नाही.

डोळ्यांनी पारखलेले पाणी

फार मोठा काळ पाण्याची पारख डोळ्यांनी, नाकाने आणि जिभेने होत असे. गढूळ पाणी वाईट, निवळ पाणी चांगले. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याच्या सात साधनांची यादी आहे. तिच्यात निवळीच्या बिया आहेत, तसेच वस्त्रही आहे. पाणी उकळावे, उन्हात तापवावे, तापलेला लोखंडाचा गोळा त्यात बुडवावा, असेही उपाय तिथे दिले आहेत. निवळीची बी उगाळून पाण्यात घातली, की थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो. तुरटी फिरवली तरी तेच होते.

यामागचे कारण विद्यार्थ्यांना समजावून देण्याजोगे आहे. पाण्यातल्या मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते खाली न बसता तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे हा भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी जातात. जाताना काही जंतूंनाही ओढून नेतात. पण सगळ्यांना नेत नाहीत. निवळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही.

तरीही जुन्या माणसांच्या ‘पाणी गाळून प्या’ या सांगण्यात तथ्य किती होते, याचा पुरावा अलीकडे मिळाला. अमेरिकी शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील ६५ गावांमध्ये प्रयोग केला. बायकांना जुन्या सुती साडीच्या चार घड्या घालून त्यातून पाणी गाळायला शिकवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साडीने गाळलेले पाणी पिणाऱ्यांमध्ये कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. कॉलऱ्याचा जंतू साडीच्या छिद्रांतून सहज जाईल इतका लहान असतो. मग तो अडला कसा? तो तळ्यांतल्या कोपेपॉड नावाच्या लहानशा कवचधारी जिवांना चिकटून राहतो, आणि हे जीव घड्या घातलेल्या साडीत अडकतात. जुनी साडी नवीपेक्षा चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे पिंजलेले असतात आणि छिद्रे बारीक होतात. कॉलरा निम्म्यावर आला ही मोठी गोष्ट आहे. पण उरलेला निम्मा राहिलाच, हेही ध्यानात ठेवायला हवे.

नळ्या आणि चिखल

एकोणिसाव्या शतकात शत्रूचा चेहरा दिसू लागला. १८५४ साली जॉन स्नो याने लंडनमधील कॉलऱ्याचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखवला. १८८० साली कार्ल एबर्थ याने विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा, जंतू पाहिला. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख याने आधी इजिप्तमध्ये आणि मग कोलकात्यात कॉलऱ्याच्या जंतूचा शोध घेतला. शत्रू म्हणजे ठरावीक आकाराचा एक जीव, हे कळताच त्याच्याहून बारीक छिद्रांची गाळणी करण्याचा विचार पुढे आला.

१८८४ साली पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी न चकाकवलेल्या चिनीमातीची पोकळ नळी बनवली. दाबाखाली तिच्यातून पाणी ढकलले, की जंतू बाहेरच राहत. १८९१ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म बर्केफेल्ड याने डायाटम नावाच्या शैवालांच्या सांगाड्यांपासून बनलेल्या मातीच्या नळ्या केल्या. आपल्याकडे घराघरांत असलेल्या स्टीलच्या फिल्टरमधील पांढऱ्या ‘कँडल’ याच घराण्यातल्या.

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याची साथ आली आणि सुमारे ८,६०० माणसे मेली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, आणि तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे, पाणी घेत होते; पण वाळूच्या थरातून गाळून. आल्टोना जवळजवळ वाचले. दोन शहरांच्या सीमेवरच्या एकाच रस्त्यावर एका बाजूला साथ आणि दुसऱ्या बाजूला शांतता, असे चित्र होते. पाणी गाळण्याच्या बाजूने याहून मोठा पुरावा मागण्याचे कारण उरले नाही.

मग या नळ्या सैन्याबरोबर निघाल्या. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर यांच्यात युद्ध झाले. फेब्रुवारी १९०० मध्ये पार्डेबर्ग येथे सैनिकांनी मॉडर नदीचे पाणी प्यायले. मॉडर म्हणजे चिखल. त्या चिखलात युद्धात मेलेली जनावरेही वाहत होती. मार्चमध्ये सैन्य ब्लोमफाँटेनला पोचले, आणि महिनाअखेरीस बोअरांनी त्या शहराचे पाणीपुरवठा केंद्रच ताब्यात घेतले. शहरभर विषमज्वर पसरला. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल डॉक्टर म्हणून तिथल्या एका रुग्णालयात काम करत होता. संपूर्ण युद्धात ब्रिटिश सैन्यात विषमज्वराचे सुमारे ५७,००० रुग्ण झाले आणि ८,००० हून अधिक सैनिक त्याने मेले. म्हणजे शत्रूच्या गोळ्यांनी मेले त्याहून कमी नाहीत.

या आकड्यांकडे नीट पाहायला हवे, कारण हे अज्ञानाचे बळी नव्हेत. जंतू माहीत होता. गाळण्या सोबत होत्या. पाणी उकळावे हे डॉक्टरांना पाठ होते. पण चिखलाच्या पाण्याने नळ्यांची छिद्रे काही वेळातच बुजत. उघड्या माळरानावर पाणी उकळायला सरपण नव्हते. आणि दिवसभर उन्हात चाललेला तहानलेला माणूस पाणी उकळून निवण्याची वाट पाहत नाही. प्रयोगशाळेत यशस्वी झालेला उपाय थकलेल्या माणसाच्या हाती टिकेल का, हा प्रश्न त्या युद्धाने पुढे आणला. लांब वाटेवर निघणाऱ्या प्रत्येकासाठी तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

चिमूटभर औषध

गाळणी बुजते, सरपण मिळत नाही. मग पाण्यातच जंतूंना मारणारे काही घालता आले तर? भारतात हा प्रयत्न आधीच सुरू झाला होता. आग्र्यात काम करणारे अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९० च्या दशकात कॉलऱ्याच्या साथीत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. पाणी गुलाबी होई. विहिरीत ‘लाल औषध’ टाकण्याची पद्धत पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. परमँगनेट हे दुबळे जंतुनाशक आहे. त्याची जागा यथावकाश ब्लीचिंग पावडरने घेतली. आपल्या ग्रामपंचायतीत तिला टीसीएल पावडर म्हणतात.

ब्लीचिंग पावडर पाण्यात गेली की क्लोरीन सुटतो आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होते. ते जंतूच्या पेशीत शिरून तिथली प्रथिने बिघडवते. पण क्लोरीन जंतूंचाच शोध घेत नाही. पाण्यात पालापाचोळा, मैला, लोहाचे क्षार असतील, तर तो आधी त्यांच्यावर खर्च होतो. म्हणून ‘इतक्या पाण्याला इतकी पावडर’ असे ठाम सूत्र देता येत नाही. ते पाण्यावर ठरते.

ही अडचण ब्रिटिश सैन्यातील डॉक्टर विल्यम होरॉक्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सोडवली. त्यांच्या पेटीत सहा पांढरे कप आणि एक काळा कप असे. सहाही पांढऱ्या कपांत तपासायचे पाणी घ्यायचे. काळ्या कपात ब्लीचिंग पावडरचे द्रावण करून पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यात सहा थेंब टाकायचे. अर्धा तास थांबायचे. मग प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडचे थेंब घालायचे. ज्या कपांत क्लोरीन उरला असेल त्यांत निळा रंग येतो. स्पष्ट निळा रंग ज्या पहिल्या कपात दिसेल, त्याचा क्रमांक म्हणजे ४५५ लिटर, अर्थात १०० गॅलन, पाण्यासाठी लागणारे पावडरीचे दोन-दोन ग्रॅमचे चमचे. घाणीची भूक भागून उरलेला क्लोरीनच आपल्या उपयोगाचा, हे तत्त्व यात डोळ्यांना दिसते. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत होरॉक्सची ही पेटी नंतरही पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली.

एकट्या शिपायाला मात्र पेटी परवडणारी नव्हती. १९१७ साली डेकिन आणि डनहॅम या शास्त्रज्ञांनी हॅलाझोनची गोळी सुचवली. बाटलीत गोळी टाकायची, अर्धा तास थांबायचे आणि प्यायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या शिध्याच्या पाकिटात या गोळ्या असत. वाटसरूच्या खिशात मावणारा हा पहिला आधुनिक उपाय.

चाळणीतून निसटलेले

आता थोडे मागे जाऊ. हॅम्बुर्गच्या साथीच्याच वर्षी, १८९२ मध्ये, दिमित्री इव्हानोव्स्की हा रशियन शास्त्रज्ञ तंबाखूच्या पानांवरील एका रोगाचा अभ्यास करत होता. रोगट पानांचा रस त्याने शांबरलांच्या नळीतून गाळला. जंतू अडायला हवे होते. पण गाळलेला रसही निरोगी रोपांना रोग देत होता. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक याने हा जंतूंहून निराळाच काही घटक असल्याचे मांडले आणि त्यासाठी ‘व्हायरस’ हा शब्द वापरला. विषाणूंची पहिली ओळख अशी गाळणीच्या अपयशातून झाली.

आकारांची कल्पना येण्यासाठी वर्गात एक उपमा वापरता येईल. पुढे ज्याची गोष्ट येणार आहे तो जिआर्डिया नावाचा एकपेशीय परजीवी कोशाच्या रूपात सुमारे १० मायक्रोमीटरचा असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा कोश एक फुटी भोपळ्याएवढा मोठा झाला असे समजा. त्याच प्रमाणात विषमज्वराचा जंतू बोटाएवढा होईल, आणि काविळीचा विषाणू राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. आज गिर्यारोहक वापरतात त्या पोकळ धाग्यांच्या गाळणीची छिद्रे सुमारे ०.१ मायक्रोमीटरची असतात. आपल्या प्रमाणात ती तीन मिलिमीटरची झाली. अशा चाळणीत भोपळा अडेल, बोटही अडेल; राजगिरा मात्र खाली पडेल. आणि साडीत अडकणारा कोपेपॉड या प्रमाणात दहा मजली इमारतीएवढा होईल!

पाण्यातून पसरणारे विषाणू काय करू शकतात, याचा दाखला दिल्लीने दिला. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. अधिकाऱ्यांना ते कळले आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. शहरात विषमज्वर वाढला नाही. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या नमुन्यांची तपासणी करून १९८० मध्ये दाखवले गेले की ही ‘अ’ किंवा ‘ब’ प्रकारची कावीळ नव्हती. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा वाटा होता. आज आपण तिला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतो. गरोदर स्त्रियांसाठी ती विशेष घातक असते.

याचा अर्थ क्लोरीनने विषाणू मरत नाहीत असा नाही. स्वच्छ पाण्यात, पुरेशा मात्रेत आणि पुरेशा वेळात ते मरतात. पण मैल्याने भरलेल्या पाण्यात जी मात्रा जंतूंना पुरली, ती या विषाणूला पुरली नाही. पाणी शुद्ध झाले की नाही याची परीक्षा आपण एका शत्रूवर घेतो, आणि दुसरा तिच्यातून निसटतो.

कवच घातलेले

तिसरा शत्रू खरे तर सर्वांत आधी दिसला होता. १६८१ साली हॉलंडमधील लेवेनहूक याला हगवण लागली असताना त्याने स्वतःचीच विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिच्यात त्याला लगबगीने फिरणारे जीव दिसले. त्याने केलेल्या वर्णनावरून तो जिआर्डिया असावा असे मानले जाते. पण हा जीव रोगकारक आहे हे सर्वमान्य व्हायला त्यानंतर जवळजवळ तीन शतके गेली.

असे एकपेशीय परजीवी शरीराबाहेर पडताना स्वतःभोवती जाड कवच घेतात. या कोशावस्थेत ते थंड पाण्यात कित्येक आठवडे तग धरतात. दुसऱ्या महायुद्धात हॅलाझोनची गोळी आमांशाच्या अमिबाच्या कोशांना पुरी पडत नाही असे दिसले. म्हणून हार्वर्ड विद्यापीठात आयोडीनच्या गोळ्या तयार झाल्या. युद्धानंतर सैन्याकडून त्या गिर्यारोहकांकडे आल्या आणि अनेक वर्षे त्यांच्या सामानात राहिल्या.

आयोडीनबाबत एक छोटा प्रयोग वर्गात करता येतो. शाळेतील आयोडीनचे काही थेंब पेलाभर पाण्यात टाका. पाणी पिवळसर होईल. आता ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी कुटून त्यात घाला. रंग नाहीसा होतो, कारण आयोडीनचे आयोडाइड झाले आणि आयोडाइड जंतू मारत नाही. औषधाची चव घालवण्यासाठी गिर्यारोहक पाण्यात सरबताची पूड घालतात. पूड गोळीबरोबरच घातली, तर तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्व औषधच संपवून टाकते. अर्धा तास झाल्यावर घातली, तर फक्त चव जाते. (प्रयोगातले पाणी कोणी पिऊ नये.)

१९७४-७५ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या रोम नावाच्या शहरात जिआर्डियाचे सुमारे पाच हजार रुग्ण झाले. तेथील पाण्यात क्लोरीन घातला जात होता, पण ते गाळले जात नव्हते. त्याच दशकात डोंगरांत मुक्काम करणाऱ्यांमध्येही जिआर्डियाच्या साथी नोंदल्या गेल्या. डोंगरातल्या थंड, काचेसारख्या झऱ्याला शुद्धतेचे प्रतीक मानण्याच्या समजुतीला धक्का बसला.

त्याहून मोठा धक्का १९९३ साली बसला. मिल्वॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीने सुमारे चार लाख माणसे आजारी पडली. आपल्या उपमेत याचा कोश नारळाएवढा, म्हणजे जिआर्डियाच्या निम्मा. क्लोरीनला तो कमालीचा दाद देत नाही. लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात असे ९९.९ टक्के कोश मारायला प्रयोगांत सुमारे साडेदहा दिवस लागतील असे दिसले. आयोडीनचीही तीच गत. अर्ध्या तासाच्या गोळीचा इथे काही उपयोग नाही. क्लोरीन डायऑक्साइडची गोळी चालते, पण तिला चार तास द्यावे लागतात. गंमत अशी, की औषधाला न जुमानणारा हा कोश गाळणीत मात्र सहज अडतो. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे दिसले, की अतिनील किरणांच्या थोड्याशा मात्रेनेही तो निष्प्रभ होतो. किरण त्याच्या डीएनएची मोडतोड करतात आणि त्याला वाढता येत नाही. अट एवढीच, की पाणी निवळ हवे. गढूळ पाण्यात कणांच्या सावलीत जंतू लपतात.

जुनाच उपाय

जंतू, विषाणू आणि कोश या तिघांनाही पुरून उरणारा एक उपाय सायरसच्या काळापासून आपल्याजवळ आहे, तो म्हणजे उकळणे. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तिथे उकळलेले पाणी निर्धोक नसते, असा एक समज आहे. साधारण दर ३०० मीटर चढाला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. कळसूबाईवर, १,६४६ मीटर उंचीला, पाणी ९४-९५ अंश सेल्सिअसला उकळते. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर ते ८२-८३ अंशांना उकळते. तिथे डाळ शिजत नाही हे खरे. पण पोटाचे आजार देणारे जंतू ७० अंशांच्या पुढे काही मिनिटांतच मरू लागतात. म्हणून खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे, पाणी उकळत ठेवावे असे सांगितले जाते. शिवाय या उपायात काम पुरे झाल्याची खूण डोळ्यांना दिसते. गोळीने किंवा दिव्याने आपले काम केले की नाही, हे बघून कळत नाही.

याची किंमत मात्र मोजून पाहू. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा सुमारे दहावा भागच भांड्याला मिळतो असे धरले, तर लिटरमागे पाव किलोच्या आसपास लाकूड जाते. माणशी चार लिटर धरले तर रोज जवळजवळ एक किलो. पन्नास मुलांच्या सहलीला फक्त पिण्याच्या पाण्यासाठी रोज पंचेचाळीस-पन्नास किलो लाकूड! गॅसवर हाच खर्च लिटरमागे पंधरा ग्रॅमच्या घरात येतो, पण टाकी वाहून न्यावी लागते.

निवड कशी करावी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निवड करताना दोन गोष्टी पाहायच्या. या पाण्यात कोणता शत्रू असण्याची शक्यता जास्त आहे? आणि हा उपाय आपल्या माणसांकडून, थकलेल्या अवस्थेतही, पाळला जाईल का?

आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाटचाल लाखो माणसे करतात. तिथे माणसांचीच गर्दी आहे, म्हणून भीती माणसांच्या मैल्यातून येणाऱ्या कॉलरा, विषमज्वर आणि काविळीची. एवढ्या लोकांसाठी पाणी उकळणे अशक्य. गाळलेले पाणी हंड्यात हात बुडाला की पुन्हा दूषित. अशा ठिकाणी क्लोरीनच योग्य, कारण तो पाण्यात उरतो आणि नंतर पडलेल्या जंतूंनाही मारतो. आरोग्य कर्मचारी विहिरींवर आणि टँकरवर ओ.टी. चाचणी करतात ती हा उरलेला क्लोरीन पाहण्यासाठी.

हिमालयात, गावांपासून दूर, जनावरे चरणाऱ्या कुरणांखालच्या ओढ्यात भीती कोशांची. तिथे गाळणी उपयोगी. पण रात्री तिच्यातले पाणी गोठले तर धागे तडकतात, आणि हे बाहेरून कळत नाही. म्हणून ती रात्री अंथरुणात घेऊन झोपावे लागते. थंडीत दिव्याची बॅटरी मंदावते, आणि गोळीलाही जास्त वेळ द्यावा लागतो.

सह्याद्रीतल्या गडांवरच्या टाक्यांत मात्र माणसे, गुरे आणि माकडे या सर्वांचा वावर असतो. तिथे एका उपायावर विसंबू नये. पाणी घडी घातलेल्या फडक्यातून गाळावे, मग बारीक छिद्रांच्या गाळणीतून, आणि नंतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवावे. कोश गाळणीत अडतात, विषाणू क्लोरीनने मरतात. किंवा रात्री स्वयंपाक होतोच, तेव्हा दुसऱ्या दिवसाचे पाणी उकळून ठेवावे. कीटकनाशके, फ्लोराइड किंवा नायट्रेट यांवर मात्र यांतला कोणताही उपाय चालत नाही. उकळल्याने पाणी आटते आणि क्षारांचे प्रमाण उलट वाढते. शेतांमधून वाहत येणारा, वास येणारा ओढा सोडून पुढे जावे. आणि हात साबणाने धुतले नाहीत, तर वरचे सगळे श्रम वाया जातात.

सहलीच्या आदल्या आठवड्यात शिक्षकांनी नकाशा घेऊन मुलांबरोबर ही चर्चा करावी. वाटेत पाणी कुठे आहे, त्याच्या वरच्या अंगाला वस्ती, गोठा किंवा शेत आहे का, हे मुलांनाच शोधू द्यावे. मग उपाय त्यांनीच ठरवावा. सहलीत एकाकडे गोळ्या, एकाकडे गाळणी आणि एकाकडे घड्याळ द्यावे. घड्याळ सर्वांत करारी मुलाकडे किंवा मुलीकडे असावे, कारण अर्धा तास पुरा होण्याआधी बाटलीला हात लावू न देण्याचे काम अवघड असते.